फुलांची छायाचित्रे आणि सौंदर्याचा दंडक

रूपवती स्त्रीस फुलाची उपमा देण्याचा प्रघात आपल्याकडे इतका जुना आहे की, त्यातील अन्याय सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाक चाफेकळीसारखे, डोळे कमळासारखे, कांती केतकीसारखी! परंतु उपमेसाठी खुडलेले फूल नेहमी पहाटेचेच असते. दुपारी मान टाकलेले फूल कवींस आठवत नाही. स्तुतीच्या पोटात अशी मुदत लपलेली असते, आणि ती संपली की उपमाही संपते. गेल्या शतकात ज्यांनी फुलांपुढे कॅमेरा लावला, त्यांच्यातील काहींनी हा हिशेब कसा बिघडवला, ते येथे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ बर्लिन येथे कार्ल ब्लॉसफेल्ट या कलाशिक्षकाने केला, असे म्हणण्यास हरकत नाही. घरी बनविलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी वर्षानुवर्षे रस्त्याकडेचे तण, नेचाचे गुंडाळलेले कोंब आणि भोपळ्याचे ताणे कित्येक पटींनी मोठे करून टिपले. १९२८ साली त्यांचा १२० चित्रांचा ग्रंथ निघाला, तेव्हा लोहाराच्या जाळीकामाची किंवा शिल्पाची शोभा रानटी झुडपांतही असते, हे लोकांस दिसले. गुलाबाचा मान एका अर्थी तेथेच कमी झाला.

पण आमचे लक्ष विशेष वेधतात ते आयर्व्हिंग पेन (१९१७–२००९). हे गृहस्थ 'व्होग' या अमेरिकन मासिकाचे छायाचित्रकार. म्हणजे स्त्रीने कसे दिसावे, याचा दंडक जेथे महिन्यामहिन्यास ठरविला जातो, त्या दरबारचेच मानकरी. १९६७ ते १९७३ या काळात त्या मासिकासाठी त्यांनी दर वर्षी एकेक फूल घेतले: प्रथम ट्यूलिप, मग अफूचे फूल, पुढे गुलाब, लिली इत्यादी. ही चित्रे १९८० साली ग्रंथरूपाने निघाली. त्यांतील कित्येक फुलांच्या पाकळ्या सुरकुतलेल्या, कडा करपलेल्या, अंगावर डाग पडलेले आहेत. आपणांस ऐन बहर ओसरलेले फूलच अधिक आवडते, अशा आशयाचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आपल्याकडे देवावरून उतरलेल्या फुलांस निर्माल्य म्हणतात आणि ते पायदळी येऊ देत नाहीत. पेन यांची नजर आम्हांस त्या जातीची वाटते.

हा केवळ छायाचित्रकाराचा लहरीपणा, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर त्यांच्याच दुसऱ्या कामात आहे. १९४९-५० साली, दिवसा सडपातळ मॉडेलांची चित्रे घेणाऱ्या याच माणसाने, मासिकासाठी नव्हे तर स्वतःसाठी, भरदार, वळ्या पडलेल्या, मांसल स्त्रीदेहांची एक मालिका टिपली. ती सुमारे तीस वर्षे बहुतेक अप्रकाशित राहिली, आणि तिचे प्रदर्शन भरले तेही १९८० सालीच! म्हणजे कोमेजलेली फुले आणि दंडकाबाहेरचे देह एकाच वर्षी लोकांसमोर आले. पेन यांनी समाजाविरुद्ध बंड पुकारले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी मासिकाची नोकरी सोडली नाही आणि तशी अपेक्षाही का करावी? पण ज्याच्या हातून दंडक घडत होता त्याचेच मन त्यात रमत नव्हते, ही साक्ष आम्हांस कोणत्याही निषेधपत्रापेक्षा वजनदार वाटते. आपल्या वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द अजून छापणाऱ्यांनी तरी ती एकदा ऐकावी.

इमोजेन कनिंगहॅम या बाईंची वाट याहून सरळ होती. तीन लहान मुलांमुळे घरात अडकल्या असता त्यांनी परसातील झाडांकडे कॅमेरा वळविला, आणि १९२५ च्या सुमारास घेतलेले त्यांचे मॅग्नोलियाचे फूल जगप्रसिद्ध झाले. त्या फुलात मात्र एकही डाग नाही. पुढे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांनी नव्वदीच्या आसपासच्या माणसांचे चेहरे टिपावयास घेतले. ते पुस्तक १९७७ साली निघाले; पाहण्यास बाई राहिल्या नव्हत्या.