जंजिऱ्याची होडी

जंजिरा पाहायला जायचे तर होडीशिवाय गत्यंतर नाही. मुरूडहून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी गाव आहे. तिथल्या धक्क्यावर तिकीट काढायचे, शिडाच्या होडीत दाटीवाटीने बसायचे आणि वाऱ्याची मर्जी असेल तेवढ्या वेळात तटाखाली पोहोचायचे. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. पायऱ्यांशी होडी लाटांवर वरखाली होत असते. खलाशी एकेकाचा दंड धरतो आणि नेमक्या क्षणी त्याला पायरीवर उतरवतो. मग किल्ला बघायला जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात परतीची हाक येते.

होडीत माहिती सांगणारा एक जण असतोच. मागे एकदा गेलो तेव्हा त्याची कहाणी रंगात आली होती. शेजारच्या लहान मुलाने वडिलांना विचारले, "बाबा, किल्ला शत्रूचा होता ना? मग हे होडीवाले कोणाकडचे?" वडील गप्प झाले. खलाशांपैकी एकाच्या डोक्यावर जाळीची टोपी होती. मीही कोकणातलाच मुसलमान, मलाही उत्तर हवेच होते. एवढ्यात तांडेल ओरडला, "डोकी खाली घ्या, शीड फिरतंय!" आणि प्रश्न तिथेच राहिला.

आज त्या प्रश्नाबद्दलच बोलायचे आहे.

जंजिरा हे नावच मुळी अरबी 'जझीरा' या शब्दावरून आले. जझीरा म्हणजे बेट. या बेटावर पहिली तटबंदी उभारली ती कोळ्यांनी. लाकडी ओंडक्यांचा तो मेढेकोट होता आणि त्यांचा प्रमुख होता राम पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीला हे ठाणे हवे होते, पण ते बळाने मिळेना. तेव्हा पिरमखान व्यापारी बनून गलबत घेऊन आला, मद्याची पिंपे असल्याची बतावणी करून आत शिरला आणि कोट घेतला, असे सांगतात. दगडी तट त्यानंतरचा, सोळाव्या शतकातला. म्हणजे हा किल्ला पहिल्यांदा हातचा गेला तो तोफेने नव्हे, होडीने.

पुढे तो सिद्द्यांकडे आला. हे लोक मूळचे आफ्रिकेतले, हबशाणातले. काही गुलाम म्हणून आले, काही शिपाई म्हणून, आणि दख्खनच्या दरबारांत कर्तबगारीवर वर चढले. जंजिऱ्याच्या सिद्दीने आधी विजापूरची आणि 1670 नंतर मोगलांची चाकरी पत्करली. त्याच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली. कोकणी माणसाने ते फार सोसले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि माझा धर्म त्याचा होता म्हणून त्याची वकिली करण्याचेही मला कारण नाही.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. सिद्द्यावर चालून गेलेल्या मराठी आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता. तो मुसलमान, आणि महाराजांचा विश्वासू. 1676 च्या सुमारास लाय पाटील कोळ्याने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या. मोरोपंत पिंगळ्यांची फौज मात्र वेळेवर पोहोचली नाही. पहाट होऊ लागली तशा शिड्या काढून त्याला परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणूस पालखीचे काय करणार, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ठेवले 'पालखी', अशी हकीकत सांगितली जाते.

संभाजीराजांनी 1682 मध्ये वेगळाच बेत केला. खाडीत दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला, म्हणजे होडीचा प्रश्नच मिटावा. पण मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम अर्धवट राहिले. अखेर 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ना शिडी लागली ना सेतू. त्यानंतरही काही काळ तटाच्या आत वस्ती होती. गोड्या पाण्याचे तलाव होते, मशीद होती, चुली पेटत होत्या. आता पडक्या भिंतींत झाडोरा माजला आहे आणि लोक तोफांशेजारी फोटो काढतात.

आता सिद्द्याच्या बाजूला कोण होते तेही पाहू. बाळाजी आवजी चिटणीस म्हणजे महाराजांचे सुंदर अक्षराचे लेखक. त्यांचे वडील आधी जंजिऱ्याच्या सिद्द्याच्या पदरी होते, आणि सिद्द्यानेच त्यांचा जीव घेतला. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, सिद्द्याच्याच मुलखातले. त्याच्या त्रासाने बाळाजी विश्वनाथांनी गाव सोडले. म्हणजे सिद्द्याच्या दप्तरात हिंदू कारकून होते आणि मराठी आरमारात मुसलमान सरदार. कोळी तर दोन्हीकडच्या गोष्टीत आहेत. किल्ल्याचा पहिला धनी कोळी आणि त्याला शिडी लावणाराही कोळीच.

लढाई सत्तेची होती, खाडीच्या नाक्याची होती. ती धर्माधर्माची करून सांगणे सोपे जाते, कारण पाऊण तासात 'आपण' आणि 'ते' एवढेच शब्द पुरतात. पण मंडळी, त्या दोन शब्दांत होडी चालवणाऱ्याला कुठे बसवायचे? ज्याचा हात धरून आपण पायरीवर उतरतो, त्याच्याच देखत आपण त्याला परका ठरवतो, आणि आपल्या ते ध्यानीही येत नाही.

माहिती सांगणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला वेळ थोडा असतो आणि लोकांना रंगतदार गोष्ट हवी असते. त्याने सिद्द्याचे जुलूम जरूर सांगावेत, लाय पाटलाचे धाडसही सांगावे. फक्त मध्ये दौलतखानाचे नाव घ्यावे. त्याला एक वाक्य पुरते. त्या मुलाला त्याचे उत्तर मिळाले असते, आणि त्याच्या वडिलांना मान खाली घालावी लागली असती ती शीड फिरताना, तेवढीच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)