रिस्टोअर

रिस्टोअर : इंग्रजी सकर्मक क्रियापद. मूळ लॅटिन ‘रेस्टाउरारे’. जुन्या फ्रेंचमधून 1300 च्या सुमारास इंग्रजीत आले. मोडलेले, थांबलेले किंवा हिरावलेले पहिल्या स्थितीत आणणे, अथवा ज्याचे त्याला परत देणे, हा त्याचा गाभ्याचा अर्थ. फ्रेंचमधला ‘रेस्तराँ’ हा शब्द याच कुळातला. थकलेल्या जिवाला तरतरी आणणारे कढत सार, हा त्याचा आधीचा अर्थ. 1660 साली दुसरा चार्ल्स गादीवर परतला तो काळ इंग्लंडच्या इतिहासात ‘रिस्टोरेशन’ या नावाने ओळखला जातो.

मराठीत या क्रियापदाला एकच एक प्रतिशब्द नाही, आणि त्यात मराठीचे काही कमी पडत नाही. काय परत येते आहे, हे पाहून मराठी शब्द निवडते. वीज ‘सुरळीत’ होते, वाहतूक ‘पूर्ववत’ होते, चोरीचा मुद्देमाल फिर्यादीला ‘परत’ मिळतो, भिंतीची ‘डागडुजी’ होते. ‘बहाल करणे’ हा फारसीतून आलेला शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. ‘ब-हाल’ म्हणजे होत्या त्या स्थितीत. हिंदीने तो अर्थ जपला. मराठीत मात्र पदवी, किताब, अधिकार बहाल होतात, म्हणजे नव्यानेच दिले जातात. हिंदी बातमी मराठीत आणताना इथे हमखास घसरण होते.

देवळाच्या बाबतीत शब्द एकच : जीर्णोद्धार. जीर्ण झालेल्याला वर काढणे. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराच्या सध्याच्या कामालाही लोक हाच शब्द वापरतात. याच मंदिरात ‘रिस्टोअर’ची आणखी एक छटा दरवर्षी अनुभवाला येते. देवीची मूर्ती चल आहे. शारदीय नवरात्राआधी ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ही मंचकी निद्रा. घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर येते. इथे काही मोडलेले नसते, म्हणून दुरुस्तीचा शब्द चालत नाही. ‘पुनःप्रतिष्ठापना’ किंवा ‘सिंहासनारूढ होणे’ असेच म्हणावे लागते.

‘पहिली स्थिती’ म्हणजे नेमकी कोणती, हा या क्रियापदातला सर्वांत अवघड प्रश्न तेर गावात उभा राहतो. तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेली बाजारपेठ आणि संत गोरोबाकाकांचे गाव. तिथले त्रिविक्रम मंदिर विटांचे, मागची बाजू अर्धवर्तुळाकार. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले. आज तिथे विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते. मग ते पूर्वीसारखे करायचे तर कोणत्या पूर्वीसारखे? अशा वास्तूला ‘जतन’ हाच शब्द शोभतो. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेनेही हीच मर्यादा घातली आहे : अंदाज सुरू होतो तिथे पुनरुद्धार थांबला पाहिजे, आणि नवा घातलेला भाग जुन्यापासून ओळखू आला पाहिजे. नव्या रंगात आणि चकचकीत फरशीत बुडालेली देवळे पाहिली की ही सनद गावोगावच्या विश्वस्तांपर्यंत मराठीत पोचायला हवी असे तीव्रतेने वाटते.

गावाच्या नावालाही हे क्रियापद लागते. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून ठेवलेले उस्मानाबाद हे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. कोणी त्याला ‘नामांतर’ म्हणतो, कोणी ‘मूळ नाव परत मिळाले’ म्हणतो. घटना एकच, ‘रिस्टोअर’ फक्त दुसऱ्या वाक्यात बसते.

या शब्दाची खरी कसोटी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लागली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे झोपेत गाडली गेली. सास्तूर त्यांपैकीच एक. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर त्या पहाटे माणसांवर कोसळले. त्यानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात कामानुसार शब्द वेगळे झाले. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली, ते ‘पुनर्वसन’. तडे गेलेली पण उभी राहिलेली घरे जागेवरच सावरायची होती. त्या कामाला ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’ म्हटले गेले. त्यात भिंतीचे दोन्ही पदर आरपार बांधणे, कोपरे जखडणे, माळवदावरच्या मातीचा भार उतरवणे अशी कामे येतात. जोडशब्दातला दुसरा भाग इथे प्राणाइतका महत्त्वाचा आहे. घर होते तसेच पुन्हा उभे केले असते, तर धोकाही होता तसाच परत आला असता. म्हणून भूकंपग्रस्त घरांच्या संदर्भात ‘रिस्टोअर’चे भाषांतर ‘पूर्ववत करणे’ असे करणे चूक आहे.