मागच्या चाकाचा हब, त्यातली कुत्री आणि माझ्या हनुवटीचे चार टाके

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार. बोलताना दर दोन वाक्यांनी आलेलं ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

तर झालं असं. कंपनीच्या प्रोजेक्टवर मी दोन वर्षं एडिंबराला होतो. तिथे मी एक जुनी ट्रायल्स सायकल घेतली, सेकंडहँड, 26 इंची चाकांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायल्स म्हणजे शर्यत नाही. दगड, ओंडके, भिंती यांच्यावरून सायकलसकट उड्या मारत जायचं, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की गुण कापले जातात. सायकलला सीट जवळपास नसतेच, कारण बसायची वेळच येत नाही.

यातली मूळ चाल अशी. मागचा ब्रेक आवळून फक्त मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक सोडायचा आणि त्याच क्षणी पेडलला अर्ध्याहून कमी फेऱ्याचा एक जोरदार धक्का द्यायचा. सायकल उसळते. जानेवारीतल्या एका सकाळी मी हा धक्का दिला आणि पेडल नुसतंच फिरलं. म्हणजे चाकाला काही कळलंच नाही. माझा पाय खाली, हनुवटी हँडलच्या दांड्यावर. चार टाके पडले. आईला आठवडाभर व्हिडिओ कॉल केला नाही, नुसताच फोन.

पेडल निसटतं तेव्हा दोष बहुतेक मागच्या हबचा असतो. हब म्हणजे चाकाच्या मधोमधचा भाग, जिथून सगळे स्पोक निघतात. त्याच्या आत, किंवा त्याच्यावर बसवलेल्या फ्रीव्हीलमध्ये, एक छोटी यंत्रणा असते: आतून दाते असलेलं एक कडं, आणि स्प्रिंगवर उभी राहून त्या दात्यांत अडकणारी बोटाच्या पेरापेक्षा लहान लोखंडी जिभा. आपल्याकडे सायकल मिस्त्री या जिभांना ‘कुत्री’ म्हणतात. पेडल मारलं की कुत्री चावतात, पेडल थांबवलं की टिकटिक करत सुटतात. माझी कुत्री त्या सकाळी चावली नव्हती.

नवीन हब घ्यायचा तर बजेट तुटपुंजं. मग इंजिनिअर माणूस जे करतो ते मी केलं: खरेदी बाजूला ठेवली आणि इतिहास वाचत बसलो.

1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली, म्हणजे आजच्या सायकलचा नमुना. त्या काळच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर लोक पाय उचलून पुढच्या फोर्कवरच्या खुंट्यांवर ठेवायचे आणि पेडलं खाली गरगरत राहायची. 1900 च्या आसपास फ्रीव्हील रूढ झालं. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फिख्टेल उंड झाक्स कंपनीचा ‘टॉर्पेडो’ हब 1903 चा. त्यात फ्रीव्हील आणि उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक एकाच डबीत. पुढची कित्येक दशकं जगाचं काम साध्या फ्रीव्हीलवर भागलं. हबच्या उजव्या बाजूला आटे असतात, त्यावर ते फिरवून बसवायचं. आपल्या काळ्या सायकलींना आजही तेच आहे.

या रचनेत एक खोट होती. फ्रीव्हील हबच्या बाहेर बसतं, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग आत ढकललं जातं आणि एक्सलचं टोक आधाराविना लोंबतं. चकत्या वाढत गेल्या तसे एक्सल वाकायला लागले. 1978 मध्ये शिमानोने ड्युरा-एस मालिकेत फ्रीहब आणला. त्यात कुत्री हबचाच भाग झाली आणि बेअरिंग टोकाकडे सरकलं. पुढे माउंटन बाइकच्या लाटेत हीच रचना सगळीकडे गेली.

आता स्पेनमध्ये, कॅटलोनियात जाऊ. तिथे मोंतेसा ही मोटरसायकल कंपनी होती. 1968 मध्ये आलेली तिची ‘कोटा 247’ ही ट्रायल्ससाठीचीच मोटरसायकल. या कंपनीशी जोडलेले पेड्रो पी स्वतः मोटरसायकल चॅम्पियन. त्यांचा मुलगा ओट बापाची नक्कल सायकलवर करायचा, आणि त्या खेळातून ‘ट्रायालसीन’ उभा राहिला. ‘सीन’ म्हणजे ‘शिवाय’, इथे इंजिनाशिवाय. मुलांसाठी ‘मोंतेसिता’ सायकली निघाल्या, मग पी यांनी ‘माँटी’ हा ब्रँड काढला. 1986 पासून यूसीआयची ट्रायल्स विश्वविजेतेपद स्पर्धा सुरू आहे. ओट पी अनेकदा जगज्जेता झाला. बापाची नक्कल करून जगज्जेता, आणि आम्ही बापाची नक्कल करून स्टेट बँकेची परीक्षा दिली. असो.

मोटरसायकलवर इंजिन ताकद देतं, सायकलवर ती ताकद एका पायातून यायची आणि सगळी हबमधून जायची. म्हणून इथे थोडं गणित.

माझं वजन 70 किलो धरा, क्रँक 175 मिलिमीटर. ट्रायल्समध्ये पुढची चकती अगदी छोटी, 18 दात्यांची, म्हणजे तिची त्रिज्या 36 मिलिमीटरच्या आसपास. मी पेडलवर नुसता उभा राहिलो तरी चेनवर सुमारे 335 किलोचा ताण येतो. काळ्या सायकलवर पुढे 44 दाते असतात, तिथे हाच ताण 140 किलोच्या घरात. मागे 15 दात्यांची चकती धरली तर हबला पिळणारं बल काळ्या सायकलच्या साधारण दुप्पट. पण गंमत बघा, माउंटन बाइकच्या सगळ्यात हलक्या गिअरला, पुढे 22 मागे 34, हे बल ट्रायल्सपेक्षाही जास्त निघतं! मग तिथे हब का मोडत नाहीत? कारण तिथे माणूस चढ चढतो, जोर हळूहळू येतो. ट्रायल्समध्ये पूर्ण उसळी मारून घण घातल्यासारखा जोर येतो, एका संध्याकाळी शंभर वेळा. कुत्र्याने दात्यात अर्धवट पाय ठेवलेला असेल तर तो दुरुस्त करायलाही वेळ मिळत नाही.

दुसरी अडचण मोकळ्या फिरण्याची. कडं 18 दात्यांचं असेल तर कुत्री चावण्याआधी ते 20 अंशांपर्यंत रिकामं फिरू शकतं. मागच्या चाकावर तोल सांभाळताना 20 अंश म्हणजे अनंतकाळ. म्हणून ट्रायल्सवाल्यांनी जास्त ‘पॉइंट्स’ मागितले. अमेरिकेतल्या क्रिस किंगच्या हबमध्ये कुत्री नाहीत, दात्यांच्या दोन कड्या एकमेकींत घुसतात. 72 पॉइंट्स, म्हणजे 5 अंश. स्वित्झर्लंडच्या ह्यूगी हबमधून आलेली, आता डीटी स्विसची असलेली तारा-रॅचेटही त्याच जातीची: 18, 36 किंवा 54 दाते, आणि सगळेच्या सगळे एकदम चावतात. दोन्ही उत्तम. दोन्ही माझ्या ऐपतीबाहेर.

स्वस्त हब हाच आकडा दुसऱ्या वाटेने गाठतात, आणि माझ्या मते फसगत इथेच आहे. मी माझा हब उघडला. आत 36 दात्यांचं कडं, सहा कुत्री, तीन-तीनच्या दोन टोळ्या, अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवलेल्या. एक टोळी चावते तेव्हा दुसरी हवेत. जाहिरातीत लिहायला 72 पॉइंट्स झाले, पण भार उचलणारी कुत्री फक्त तीन. त्यातलं एक जरी अडखळलं तर उरलेल्या दोघांवर सगळं. माझ्या कड्याचे दोन दाते टोकाला तुटलेले होते. मी इतके दिवस मोठा आकडा म्हणजे भारी हब समजत होतो. खरा प्रश्न हा की एका वेळी किती जण चावतात, आणि कडं कोणत्या पोलादाचं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डबीवर छापलेलं नसतं.

पण दाते तुटले कशामुळे? ते बाबांनी सांगितलं. मी फोनवर फोटो पाठवला, आत काळं घट्ट ग्रीस भरलेलं. बाबा म्हणाले, “अरे, कुत्र्यांत ग्रीस कोण घालतं? आपला मिस्त्री तेल सोडायचा, पातळ. ग्रीस घातलं की थंडीत कुत्री झोपतात.” सांगलीच्या डिसेंबरात झोपत असतील तर एडिंबराच्या जानेवारीत काय होत असेल! आधीच्या मालकाने प्रेमाने भरलेलं ते ग्रीस थंडीत घट्ट व्हायचं, स्प्रिंगा कुत्र्यांना वेळेत उभं करू शकायच्या नाहीत, आणि अर्धवट चावलेल्या कुत्र्यांनी दात्यांचे कोपरे उडवले.

आता पर्याय. ट्रायल्सच्या जगाने यावर एक भन्नाट उत्तर आधीच काढलेलं होतं. फ्रीव्हील मागून काढा आणि पुढे क्रँकवर लावा. मागचा हब ‘फिक्स’, म्हणजे आत काहीच नाही: कवच, एक्सल, बेअरिंग, आणि घट्ट बसवलेली चकती. आट्यांवर बसणारं फ्रीव्हील फार लहान करता येत नाही, पण नुसती चकती कितीही लहान चालते. म्हणून 20 इंची सायकलींवर पुढे 18 मागे 12, आणि 26 इंचीवर 18 आणि 15 हे गणित रूढ झालं. पुढची चकती छोटी राहिली की दगडावर आपटत नाही. थोडक्यात मागचा हब परत 1885 सालात गेला, फरक इतकाच की पेडलं मोकळी.

यात फुकट काही नाही. पुढच्या फ्रीव्हीलवर मागच्यापेक्षा जास्त पीळ येतो, माझ्या गिअरला 120 न्यूटन-मीटर विरुद्ध 100. तेवढेच पॉइंट्स असतील तर पायाला जाणवणारं मोकळं फिरणंही थोडं वाढतं. आणि उतारावर चेन सतत फिरत राहते, पँट आत ओढली गेली तर कोणी थांबवत नाही. पण मोडलं तर मोडतं फक्त फ्रीव्हील. ते आट्यांवरून काढायचं, नवीन फिरवायचं. चाक, स्पोक, रिम जसंच्या तसं. अमेरिकन व्हाइट इंडस्ट्रीजचं ‘ईनो’ घेतलंत तर उघडून साफही करता येतं, पण ते महाग. मी मधल्या किमतीचं घेतलं. महागड्या फ्रीहबच्या पैशांत फिक्स हब, दोन फ्रीव्हील आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरसाठी चॉकलेटचा डबा असं सगळं बसलं.

फिक्स हब घेताना मी तीनच गोष्टी बघितल्या. रुंदी, कारण 26 इंचीला बहुधा 135 मिलिमीटर लागते आणि 20 इंचीला 116. एक्सल पोलादी आणि जाड आहे ना. आणि बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाचं आहे ना. रंग बघितला नाही. म्हणजे बघितला, पण निळा नव्हता.

नवीन फ्रीव्हीलमध्ये पहिल्याच दिवशी पातळ तेलाचे चार थेंब सोडले. वर्षभर पेडल एकदाही निसटलं नाही. मी पडलो बराच, पण स्वतःच्या कर्तृत्वाने.

ते तुटक्या दात्यांचं कडं टेबलावर आहे. बाबांनी ते सांगलीला आणायला सांगितलंय, मिस्त्रीला दाखवायचंय म्हणे. मिस्त्री आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बसतो, आणि तो जास्त करून इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करतो. तरी दिवाळीत घेऊन जाणार आहे.