विमानातील गादी

भोर-वेल्ह्याच्या वाटेवर मोटारीची गादी फाटली, तर आपण ती बाजारात शिवून घेतो. कायदा आडवा येत नाही. विमानाचे तसे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या पस मॉथ विमानाने कराचीहून मुंबईस आले, त्यातले टपाल अवघे २५ किलो! गादी जड झाली की तितका भार कमी. पुढे १९३७ च्या विमान नियमांनी उड्डाणयोग्यतेचा दाखला आणि दुरुस्तीची सहीनिशी नोंद बंधनकारक केली.

परंतु वजनाहून धूर वाईट. १९७३ साली पॅरिसजवळ वारिग कंपनीच्या विमानात आग लागून १२३ माणसे दगावली. बहुतेकांना धुरानेच गाठले. १९८४ साली अमेरिकेने मोठ्या विमानांच्या गाद्यांना अक्षरशः अग्निपरीक्षा लावली. लहान विमानांना ती इतकी कडक नाही. तरी कापड सहज पेट घेत नाही, असा दाखला लागतोच. बाजारातल्या मखमलीला तो कोण देणार?