फ्लॅशचा दिवा आणि अंतराचे गणित

छायाचित्रणाच्या इतिहासात कृत्रिम प्रकाशाचा विचार बहुधा तीव्रतेच्या अंगाने केला जातो. दिवा उत्तरोत्तर प्रखर कसा होत गेला हे सांगितले, की विवेचन पुरे झाले असे मानण्यात येते. परंतु खिशात मावणाऱ्या फिल्मच्या कॅमेऱ्याला जोडावयाचा लहान फ्लॅश हा मुळात दुबळाच दिवा होता. त्याच्या इतिहासाचे सूत्र तीव्रतेत नसून एका प्रश्नात आहे: अंतराचे गणित कोणी करावयाचे?

1887 मध्ये आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके ह्या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी सिद्ध केली. तिला ‘ब्लिट्झलिख्ट’, म्हणजे विजेचा लखलखाट, असे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीतील अंधाऱ्या खोल्या जेकब रीस ह्यांनी अशाच भुकटीच्या उजेडात टिपल्या. त्यांचा ग्रंथ 1890 मध्ये प्रसिद्ध झाला. अंध रहिवाशांच्या खोलीत ह्या भुकटीमुळे आग लागल्याची हकीकत त्यांनी स्वतःच नमूद केली आहे. भुकटी किती घ्यावी व ती कोठे पेटवावी, हा सर्वस्वी छायाचित्रकाराचा अंदाज होता. तो चुकल्यास त्याची झळ समोरच्या माणसासही बसे.

1930 च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यात धातूचा पातळ पत्रा प्राणवायूत जाळणारा दिवा प्रचारात आला. धूर व उघडी ज्वाला नाहीशी झाली, अंदाजाची जागा मात्र गणिताने घेतली. प्रत्येक दिव्यास एक मार्गदर्शक अंक असतो. त्यास अंतराने भागले असता भिंगाच्या छिद्राचा एफ-अंक मिळतो. दिव्याचा अंक मीटरांत 14 असेल, तर 5 मीटरवरील माणसासाठी 2.8 आणि 2.5 मीटरवरील माणसासाठी 5.6 हा एफ-अंक लावावा लागतो. ह्यामागील नियम साधा आहे: अंतर दुप्पट झाले की प्रकाश एकचतुर्थांश उरतो. पुढच्या रांगेतील चेहरे पांढरेफटक व मागची रांग काळोखात, असे समूहचित्र येते ते ह्याच नियमामुळे.

1931 मध्ये अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन ह्यांनी वायूने भरलेल्या नळीतील विद्युत्स्फुरणाचा उपयोग यशस्वी केला आणि पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा मार्ग मोकळा झाला. 1966 चा ‘रोलाय 35’ हा चिमुकला कॅमेरा गणिताच्या ह्या युगाचा उत्तम प्रतिनिधी होय. त्यात अंतर नजरेनेच ठरवावे लागे. फ्लॅश बसविण्याची खाच तळाशी असल्यामुळे प्रकाश वरून पडावा म्हणून कॅमेरा उलटा धरावा लागे. यंत्र लहान असले, तरी वापरणाराकडून पुरेशा विचाराची अपेक्षा होती.

पुढे अंतराचे कडे व छिद्र ह्यांची यांत्रिक सांगड घातलेले कॅमेरे आले आणि भागाकार यंत्राकडे गेला. 1975 मध्ये जपानच्या ‘कोनिका सी35 ईएफ’ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्लॅश कॅमेऱ्याच्या अंगातच आला. 1977 च्या ‘सी35 एएफ’ ने अंतर मापण्याचे कामही पत्करले. जपानमध्ये ‘सी35 ईएफ’ ला मिळालेले ‘पिक्कारी’ हे लाडके नाव आपल्या ‘लखलख’, ‘चमचम’ ह्यांसारखे अनुकरणवाचक आहे. विजेच्या धाकापासून चमचमीच्या कौतुकापर्यंतचा हा शब्दप्रवास बोलका आहे.

गणित यंत्राकडे गेले, तरी प्रकाशाचा नियम बदलला नाही. दुबळ्या दिव्याचा उजेड चारपाच मीटरांपलीकडे पूर्वीप्रमाणेच क्षीण होतो. फक्त तो का क्षीण होतो हे जाणण्याची निकड वापरणारास उरली नाही. सोय झाली हे निर्विवाद. तथापि, मागच्या रांगेतील माणूस काळोखात का राहिला, ह्याचे उत्तर यंत्र देत नाही. ते छायाचित्र घेणारासच ठाऊक असावे लागते.