कपाटात नसलेली तबकडी

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरगुती आहे. मुलुंडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आणि तीन वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची. भांडी दिली, पुस्तकं दिली. अडलंय ते दादांच्या तबकड्यांपाशी. (दादा म्हणजे माझे वडील. भाचरांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते.) १४० आहेत, लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. एकेक पाव किलोला थोडी कमी आणि हातातून सुटली की संपलीच!

नात म्हणाली, "आजी, हे सगळं यूट्यूबवर आहे." पाहिलं, तर बहुतेक खरंच आहे.

तरी बांधाबांध करताना यादी केली. मास्तरकीची खोड, जात नाही. आणि यादी पुरी झाल्यावर कोण कोण नाही ते दिसायला लागलं.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि गौहर जान गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं. मेणावर उमटलेलं गाणं जर्मनीत हॅनोवरला जायचं आणि तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. लहानपणी आम्ही भावंडं तेवढ्याच जागेची वाट बघत असू आणि हसत असू. आता हसू येत नाही. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यातही नाव सांगण्यापुरती जागा राखायची!

कलावंतीणी पुढे झाल्या, पण अनेक मोठे उस्ताद मागे राहिले. कोणाला वाटे गळा जाईल, कोणाला वाटे चीज चोरीला जाईल. आणि ज्यांचा ख्याल तासभर उलगडायचा त्यांनी तीन मिनिटांत काय सांगायचं? अब्दुल करीम खाँसाहेब मात्र गायले, आणि त्यांच्या झिंझोटीच्या तबकडीनं गदगच्या एका पोराला घर सोडायला लावलं. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. पण भास्करबुवा बखले १९२२ साली गेले ते एकही तबकडी न ठेवता. बालगंधर्वांचे गुरू, आणि आवाज कसा होता हे आपण फक्त वाचायचं.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतात ते अल्लादिया खाँसाहेब. भास्करबुवांचं निदान असं म्हणता येतं की ते लवकर गेले. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पश्चात कोल्हापूर सोडून मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत इथेच होते. म्हणजे तबकड्यांचा धंदा चव्वेचाळीस वर्षांचा झालेला, स्टुडिओ याच शहरात, मायक्रोफोनही आलेला. तरी अख्खं जयपूर घराणं ज्यांनी उभं केलं त्यांचा एक सूर ऐकायला मिळत नाही. आपण त्यांना ऐकतो ते केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गळ्यातून.

केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, त्यात साडेतीन मिनिटं आपल्या केरीच्या केसरबाई. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या.

आता जे लिहायला बसले ते. दादांनी अल्लादिया खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलं होतं, तरुणपणी, गिरगावात, दोनदा. केसरबाईंची तबकडी लावली की मध्येच बोट वर करायचे, "हे, हे खाँसाहेब!" आणि मग सुई उचलून स्वतःच गुणगुणायचे, "बाई असं घेतात, खाँसाहेबांनी असं घेतलं होतं." दादा काही गवई नव्हते, पण कान पक्का आणि स्मरण जबरदस्त. गळ्यातून निघायचं ते बेसूर नसायचं.

१९८२ साली मी कॅसेट रेकॉर्डर घेतला. शाळेची गॅदरिंगं भरली, मुलाचे बोबडे बोल भरले, भावाच्या लग्नातली मंगलाष्टकं भरली. दादांचं गुणगुणणं भरावं असं मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नाही. १९८८ मध्ये ते गेले. खाँसाहेबांना काय वाटलं असेल त्याचा मी तर्क करते, पण माझ्यापुरतं कारण साधं होतं. ते रोज संध्याकाळी असायचेच.

असो.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स म्हणून संग्राहकांची संस्था आहे. अशा लोकांच्या चिकाटीमुळे पुष्कळ काही वाचलंय. जाणकार कोणी मिळाला तर शंभरेक तबकड्या देईन म्हणते. केसरबाई, मोगूबाई मात्र जुन्या सुती साड्यांत गुंडाळून सोबत नेणार. मुलगा संगणकावर उतरवून देतो म्हणालाय. त्याला एकच सांगितलंय, वेग नीट लाव. ७८ हे नुसतं नाव, जुन्या तबकड्या कमीजास्त वेगानं भरलेल्या असतात. वेग चुकला की सूर चढतो आणि बाईंचा तो रुंद आवाज चिरका होतो. यूट्यूबवर एक तशी आहे, मी ओळखली.

त्याने विचारलं, बरोबर वेग कुठला ते कसं कळणार? म्हटलं, तू लाव, मी बोट वर करेन.