किल्ल्यापासून किती लांब?

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरातला पहिला प्रश्न "कुठे?" हा नसतो. "क्वार्टर मिळणार का?" हा असतो. या वेळचं उत्तर होतं: मिळेल, पण यादी लांब आहे, तोवर बाहेर भाड्याने राहा.

नोकरी विजय दुर्गात. म्हणजे कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, ईस्टर्न कमांडचं मुख्यालय. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं आणि ते आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून घेतलं. दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज गेटला आता शिवाजी गेट म्हणतात. खडकवासल्यातून बाहेर पडून वीस वर्षांवर झाली, पण मराठी नावाच्या किल्ल्यात नोकरी करायला मिळेल आणि तीही बंगालात, असं कधी वाटलं नव्हतं.

घरासाठी दोन उपनगरं समोर होती: डमडम आणि बॅरकपूर. दोन्ही सियालदहच्या मेन लाइनवर. डमडम सियालदहपासून सात किलोमीटर, बॅरकपूर तेवीस. मधे बेलघरिया, आगरपाडा, सोदपूर, खडदह आणि टिटागड. मुंबईच्या हिशोबात कुर्ल्यात राहायचं की डोंबिवलीत, असा काहीसा प्रश्न.

सवयीप्रमाणे कागदाच्या मधोमध रेघ मारली. बॅरकपूरच्या बाजूला गंगा, जुनी झाडं, रुंद रस्ते, छावणीची ओळखीची शिस्त आणि कमी भाडं. डमडमच्या बाजूला मेट्रो. बाकी सगळं डमडमच्या विरोधात: अरुंद गल्ल्या, नागेरबाजारची गर्दी, डोक्यावरून उतरणारी विमानं. बायकोने बॅरकपूरचा घाट पाहिला आणि तिचा निर्णय झाला. माझाही जवळजवळ झालाच होता. फौजी माणसाला छावणी दिसली की घरी आल्यासारखं वाटतं.

पण नव्या जागी गेलो की तिथला इतिहास वाचायचा ही माझी जुनी खोड. वाचताना लक्षात आलं की ही दोन्ही गावं माझ्याच प्रश्नातून जन्माला आली आहेत. शिपायाने किल्ल्यापासून किती लांब राहायचं?

प्लासीनंतर, १७५८ च्या सुमाराला कंपनीने नवा किल्ला बांधायला घेतला. तोफांना मारा करायला मोकळी जागा हवी म्हणून भोवतीचा परिसर साफ केला; तेच आजचं मैदान. पण वाढती फौज किल्ल्यात मावणारी नव्हती. ती शहरात वस्तीला नको, आणि वेळेला धावून येणार नाही इतकी दूरही नको. पायदळाच्या बराकी हुगळीच्या काठाने वर गेल्या आणि त्या बराकींवरूनच बॅरकपूर हे नाव पडलं. तोफखान्याला सरावासाठी मोकळं रान हवं होतं. तो १७८३ मध्ये डमडमला गेला आणि १८५३ पर्यंत बंगाल तोफखान्याचं मुख्यालय तिथेच राहिलं.

डमडम हे नाव 'दमदमा'वरून आलं असं मानतात. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. आपल्या जुन्या मराठीतही हा शब्द आहे. त्यामुळे विमानतळावरची पाटी पाहून मराठी माणसाला फार परकं वाटायचं कारण नाही.

या भागाशी आपला संबंध मात्र फारसा गोड नाही. घर दाखवणाऱ्या मालकांनी आम्ही कुठले ते विचारलं. मी सांगितल्यावर सत्तरीतले ते गृहस्थ हसून म्हणाले, "मोहाराष्ट्रो? माने बोर्गी!" नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार १७४२ पासून सुमारे नऊ वर्षं बंगालवर स्वाऱ्या करत होते. 'बारगीर'चा बंगालीत 'बोर्गी' झाला, आणि इथल्या आया अजूनही अंगाईत त्याचं नाव घेऊन मुलांना झोपवतात. त्या भीतीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. डमडम त्या खंदकाच्या बाहेरचं. म्हणजे मी रोज बोर्ग्यांच्या बाजूने शहरात शिरणार.

आणखी एक गंमत. डमडमच्या जुन्या आर्सेनलच्या वारशातली ऑर्डनन्स फॅक्टरी २०२१ पासून यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत आहे. अंबाझरी, भुसावळ आणि अंबरनाथचे कारखानेही त्याच कंपनीत, आणि तिचं मुख्यालय नागपूरला. भोसल्यांना जमलं नाही ते एका सरकारी आदेशाने जमवलं, असं मी मालकांना म्हणालो. ते पुन्हा हसले.

याच आर्सेनलमुळे हे नाव जगभर गेलं. अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली १८९० च्या दशकात इथे टोकाकडे शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. अंगात शिरल्यावर ती पसरायची. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीची घोषणा झाली. युद्धाच्या कायद्यात प्रत्येक कॅडेट 'डमडम' हा शब्द शिकतो. त्या वर्गात बसलो असताना या नावाच्या गावात कधी दूधवाला शोधावा लागेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

पण माझा निर्णय फिरवला तो या गोळीने नव्हे. तो फिरवला दोन जुन्या प्रसंगांनी, आणि दोन्हींत डमडमहून बॅरकपूरला जाणारी वाट आहे.

पहिला प्रसंग १८२४ चा. ब्रह्मदेशाशी लढाई सुरू होती. बॅरकपूरच्या ४७ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीला चितगावकडे कूच करायचा हुकूम झाला. शिपायांची तक्रार सामानाची होती. पाठीवरच्या पिशव्या आणि स्वतःची स्वयंपाकाची भांडी वाहायला बैल हवेत, नाहीतर दुप्पट भत्ता द्या. बैल मिळेनात, कारण फौजेच्या इतर कामांसाठी ते आधीच उचलले गेले होते. विनवण्या झाल्या, अर्ज झाले. वरून उत्तर आलं ते हुकमाच्या भाषेत. २ नोव्हेंबरला सरसेनापती एडवर्ड पॅजेट गोरी फौज आणि डमडमच्या तोफा घेऊन बॅरकपूरच्या परेड मैदानावर हजर झाला. शस्त्रं खाली ठेवा म्हणाला. शिपायांनी ठेवली नाहीत आणि तोफा सुटल्या. पळणाऱ्यांना कापलं, कित्येक हुगळीत बुडाले. बहुतेकांच्या बंदुका भरलेल्याही नव्हत्या, हे मागाहून दिसलं. बिंदा तिवारी या शिपायाला फाशी दिलं आणि पलटणीचं नाव सैन्याच्या यादीतून काढून टाकलं.

बदलीच्या सामानावरून एक पलटण गेली. ज्याने काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा रंगवलंय, त्याला हे वाचताना थांबावंच लागतं. शिपायांचं म्हणणं चार बैलगाड्यांचं होतं. ते ऐकायला कोणी जवळ नव्हतं.

दुसरा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असलेला, पण त्याची सुरुवात बऱ्याचदा बॅरकपूरपासून सांगतात. ती डमडमची आहे. १८५७ च्या जानेवारीत नव्या एनफिल्ड रायफलीचं शिक्षण देणारं केंद्र डमडमला होतं. वेगवेगळ्या पलटणींतले शिपाई तुकड्यांनी तिथे यायचे, शिकायचे आणि परत जायचे. तिथल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला. शिपायाने जात काढून नकार दिला. खलाशी म्हणाला, लवकरच गाय-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडाल, मग जात कुठे राहील? २२ जानेवारीला कॅप्टन राइटने ही कुजबुज वर कळवली. तोवर बातमी बॅरकपुरात पोचली होती आणि त्याच आठवड्यात तिथलं तारघर जळालं. फेब्रुवारीत बहरमपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसं नाकारली. २९ मार्चला बॅरकपूरच्या परेड मैदानावर मंगल पांडे उभा राहिला आणि ८ एप्रिलला फासावर गेला.

जनरल हिअर्सी बॅरकपूरला होता आणि त्याला शिपायांची भाषा उत्तम येत होती. शिपायांना वंगण बाजारातून घेऊन स्वतः लावू द्या, असं त्याने सुचवलं आणि सरकारने ते मानलंही. पण तोवर उशीर झाला होता. पाणवठ्यावर जे खलाशाला माहीत होतं, ते अधिकाऱ्यांच्या बंगल्यात सर्वांत शेवटी पोचलं.

इथे एका माणसाची आठवण येते. हेन्री लॉरेन्स. १८२३ मध्ये तो पोरसवदा अधिकारी म्हणून डमडमच्या तोफखान्यात दाखल झाला. पुढे पंजाबात त्याने नाव कमावलं ते लोकांचं ऐकून घेणारा म्हणून. ४ जुलै १८५७ ला लखनौच्या रेसिडेन्सीत जखमांनी त्याचा मृत्यू झाला. डमडमच्या पाणवठ्यावरची कुजबुज त्याच्यापर्यंत अशी पोचली.

हे सगळं वाचून मी कागदाकडे पुन्हा पाहिलं. त्यात झाडं होती, भाडं होतं, किलोमीटर होते. मला घरातलं काय ऐकू येणार, याचा रकाना नव्हता.

गेल्या फील्ड पोस्टिंगला असताना मुलीने गणित सोडायचं ठरवलं. तिच्या आईला माहीत होतं, आजीला माहीत होतं, शेजारच्या मेजरच्या बायकोलाही माहीत होतं. मला ते सुट्टीवर आल्यावर कळलं, तेही टेबलावर पडलेल्या शाळेच्या फॉर्मवरून. फोन रोज होत होता. "सगळं ठीक आहे" असं रोज दोन्हीकडून सांगितलं जात होतं. ती आता अकरावीत आहे. माझी पुढची बदली पुन्हा फील्डची असेल आणि तोवर ती कॉलेजच्या वसतिगृहात गेलेली असेल. एका छपराखाली राहायची आमची बहुधा ही शेवटची दोन वर्षं.

आता हिशोब सोपा होता. बॅरकपूरहून घर ते किल्ला एका बाजूला दीड तासाच्या वर. डमडमहून तासाच्या आत. रोजचा तास-सव्वा तास वाचला, तर तो संध्याकाळचा वाचतो. बायकोला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नदी रविवारी बघू."

घर घेतलं ते डमडम कॅन्टोन्मेंट स्टेशनजवळ. २२ ऑगस्ट २०२५ ला विमानतळाची मेट्रो सुरू झाली, तिचा थांबा इथेच आहे. एक स्टेशन गेलं की नोआपाड्याला बदलायचं. पुढचंच स्टेशन डमडम, मग बेलगाछिया, आणि श्यामबाजारला जुन्या सर्क्युलर रोडची सुरुवात लागते. तिथे खंदकाची आठवण होते. त्याच मेट्रोने न बदलता जतीन दास पार्कला उतरलं की हाजरा रोडचं महाराष्ट्र निवास जवळ. गणपतीला आणि पुरणपोळीला एवढी सोय पुरे.

मालकांनी करार करताना स्वतःच्या घराची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील फाळणीनंतर बरिसालहून सियालदहला उतरले. हजारो कुटुंबं अशीच रेल्वेच्या कडेने डमडम, बेलघरिया, सोदपूरकडे सरकत गेली, कारण कामधंदा शहरात होता आणि परवडणारी सखल जमीन रुळांलगत होती. "बाबांनी जागा निवडली नाही," ते म्हणाले. "गाडीचा आवाज ऐकू येईल तिथे थांबले." कागदावर रेघ मारून दोन गावांत निवड करता येणं ही चैन आहे, हे तेव्हा मला कळलं.

रोज सकाळी डमडमला मेट्रोचं दार उघडतं आणि बॅरकपूर लोकलने आलेले लोक आत घुसतात. बॅरकपूर निवडलं असतं तरी मला इथेच उतरून गाडी बदलावी लागली असती. त्या गर्दीतले काही चेहरे आता ओळखीचे झाले आहेत.

मागच्या रविवारी आम्ही तिघं बॅरकपूरला गेलो. घाटावर बसलो, मग छावणीतल्या बिंदा बाबाच्या मंदिरात गेलो. बिंदा तिवारीच्या नावाने लोक तिथे अजून पूजा करतात. मुलीने विचारलं, हा कशासाठी मेला? मी म्हणालो, सामान वाहायला बैल मागितले म्हणून. ती म्हणाली, "एवढंच?" परतीच्या गाडीत तिने आपण होऊन सांगितलं की तिला पुढे इतिहास घ्यायचाय. या वेळी आईच्या आधी मला कळलं.

क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर अजून बराच खाली आहे. मी चौकशी करायची सोडून दिली आहे.